ध्रुपदापाशी थांबलो

मंडळी, आज चर्चमधल्या उपासनेनंतर आपल्या तरुण संघात मी एकटाच होतो. तुमी कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला. जिंतुरात उरलो मी.

तरी सतरंजी टाकली. आपली पद्धत ठरलेली. भक्तिगीताची चाल घ्यायची, प्रत्येकानं एक गमतीचं कडवं रचायचं आणि आपलं गमतीचं ध्रुपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मी पाळकसाहेबांच्या लांबलचक प्रार्थनेवर रचलं: डोळे मिटले की बिर्याणीचा वास येतो, पण आमेन काही येत न्हाई. लय भारी जमलं होतं.

ढोलकी वाजवत गायलो. ध्रुपदापाशी आलो आणि सवयीनं थांबलो, तुमच्यासाठी.

चर्च झाडणाऱ्या सरूमावशीनं मागून विचारलं, "कामून थांबलास रं?"

"पुढचं सगळ्यांनी म्हणायचं असतंय, मावशी."

तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि ध्रुपद उचललं. आपलं गमतीचं न्हाई, मूळ गाण्याचं. तिला तेच येतं. मग मीबी तिच्यासोबत तेच म्हणलो. हसलं कुणीच न्हाई.

तिकडं रविवारी तुमी कुणासोबत गाता? का तुमीबी ध्रुपदापाशी थांबता?