दुधातली गोळी

मी तापट आहे, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. मनोरुग्णांच्या वॉर्डात तापट नर्स कुणी नेमली, असं आमचे डॉक्टर चेष्टेने विचारायचे. पण मला रुग्णांचा राग कधी येत नाही. येतो तो नातेवाइकांचा आणि स्वतःचा. या आठवणीत तो सगळा स्वतःचाच आहे.

तो गारगोटीकडच्या एका खेड्यातला, तिशी ओलांडलेला. कागलच्या एमआयडीसीत काही वर्षं कामाला होता. मग एके दिवशी जेवणाचा डबा न उघडताच घरी परत आला आणि पुन्हा गेलाच नाही. घरी म्हशी होत्या. धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं, एवढंच करायचा. हळूहळू बोलणंही मोजक्या शब्दांवर आलं. दारात पाहुणे आले की गोठ्यात जाऊन बसायचा. पुढे जेवणही तिकडेच मागू लागला, मग मागेनासाच झाला. त्याला एक आवाज ऐकू यायचा. खाऊ नकोस, त्यात काहीतरी घातलंय, असं तो आवाज सांगायचा. धारा काढणंही सुटलं तेव्हा आई त्याला घेऊन कोल्हापुरात आमच्याकडे आली.

आमच्याकडेही तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. माझं काम म्हणजे रोज त्याच्याजवळ दहा मिनिटं बसायचं. स्टूल जरा लांब, हात मांडीवर, त्याला दिसतील असे. मी दहा मिनिटं बसणार आहे, बोललंच पाहिजे असं काही नाही, एवढं सांगायचं आणि दहा मिनिटं झाली की खरोखर उठायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आम्ही कोल्हापूरकर, शेजारच्या सीटवरच्या अनोळखी माणसाला 'पावणं, गाव कुठलं?' विचारल्याशिवाय आमची एसटी स्टँडच्या बाहेर पडत नाही. गप्प बसताना माझ्या जिभेला खाज सुटायची.

पाचव्या दिवशी भिंतीकडे बघतच त्याने विचारलं, "तुमास्नी ऐकू येत न्हाय?"

"मला नाही येत," मी म्हणाले. "पण तुला येतोय आणि तुला भीती वाटतेय, ते मला दिसतंय."

त्याने कूस बदलली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी घरी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

पण गोळी तो घेईना. स्वतः सोललेली केळी खायचा, नळाला ओंजळ लावून पाणी प्यायचा, आईने दिलं तर तिच्या हातचं दूध घ्यायचा, बस. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस बघू, नाहीतर इंजेक्शन द्यावं लागेल. म्हणजे काय ते मला माहीत होतं. चार जणांनी हातपाय धरायचे. ज्याला आधीच सगळं जग आपल्या वाईटावर टपलंय असं वाटतं, त्याला चार जणांनी धरायचं. इतक्या दिवसांत त्याने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं होतं, तेही जाईल या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. ड्युटीवर मी विनाकारण दोघींवर खेकसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई हळूच ड्युटी रूमच्या दारात आली. म्हणाली, "सिस्टर, दुधातनं देऊया की. माझ्या हातचं दूध त्यो कवाच न्हाय म्हनत न्हाय."

आमच्या वॉर्डाचा नियम असा होता: गोळीची पट्टी रुग्णासमोर फोडायची, गोळी उघड्या तळहातावर ठेवून द्यायची, कशातही मिसळायची नाही. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवायचे, चुकल्या की रडवायचे. आणि आमच्या भागात दूध म्हटलं की कुणाला वेगळं काही सुचत नाही. आजारी पडला, दूध दे. पाहुणा आला, दूध दे. पोरगं रुसलं, दूध दे. मी 'हो' म्हणाले. चमच्याच्या पाठीने गोळी कुटली, पेल्यात टाकली, साखर जरा जास्तच घातली. आईने दूध ढवळलं.

जो माणूस लहानपणापासून म्हशीखाली बसला, ज्याला आदल्या दिवशी म्हशीने कसला चारा खाल्ला हे दुधाच्या चवीवरून सांगता यायचं, त्याला मी दुधातून फसवायला निघाले होते. अक्कल गहाण पडते ती अशी.

त्याने आईच्या हातून पेला घेतला, एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरून ठेवला. मग वाकून परत पेल्यात सोडला. आरडाओरडा केला नाही, पेला फेकला नाही. मी दारात उभी होते, माझ्याकडे त्याने बघितलंच नाही. फक्त आईकडे बघून म्हणाला, "आई, तू बी?"

त्यानंतर त्याने केळ्याला हात लावला नाही. दुपारी नळाकडेही गेला नाही. आई कॉटच्या पायथ्याशी बसून पदराने डोळे पुसत होती, तिनेही पाणी घेतलं नव्हतं. मी दर थोड्या वेळाने जाऊन त्याचे ओठ बघत होते. कोरडे पडत चालले होते. आवाज आतापर्यंत खोटा होता, आता मीच त्याला खरा केला होता. हा माणूस पाण्यावाचून पडला तर ते माझ्यामुळे, हेच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी राउंडला डॉक्टर आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग आता तुम्हीच जाऊन त्याला सांगा."

मी म्हणाले, सांगितलं तर आवाज खरा होता असं होईल. त्यावर ते म्हणाले की त्याला ते कळलेलंच आहे. आता आपण खोटं बोलतो की खरं, एवढंच त्याला कळायचं राहिलंय.

मी स्टूल घेतलं नाही. खाली फरशीवर बसले, आईच्या शेजारी.

"दुधात गोळी होती. मी कुटून घातली. आईला मी हो म्हटलं. चूक माझी आहे. परत तुला न सांगता तुझ्या खाण्यापिण्यात कधी काही घालणार नाही."

भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "म्हंजे त्यो खरं बोलत हुता."

"या एका वेळी, हो," मी म्हणाले.

दहा मिनिटं झाली. उठायचा नियम होता, उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा मागे कॉट वाजली. तो नळाकडे निघाला होता. ओंजळीने पाणी प्याला, किती तरी वेळ पीत होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

पाणी सुरू झालं म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लांबवलं. दुसऱ्या दिवसापासून मी त्याला परवानगीने गेटसमोरच्या दूधवाल्याकडे न्यायला लागले. त्याच्या डोळ्यांदेखत एकच पेला भरून घ्यायचा, आधी मी अर्धा प्यायचा, मग त्याने. मला दूध आवडत नाही. वॉर्डातल्या मुली हसायच्या, दुधाने तोंड पोळलंय त्याचं आणि फुंकून पिताय तुम्ही. पहिले दोन दिवस त्याने पेला नुसता धरला. तिसऱ्या दिवशी चव घेतली आणि दूधवाल्याला तोंडावर म्हणाला, "पाणी घातलंयसा की." दूधवाला भडकला. मला मात्र आमच्या या गड्याला मिठी मारावीशी वाटली. त्या संध्याकाळी त्याने माझ्या हातातली पट्टी घेतली, स्वतः फोडली आणि गोळी गिळली.

काही आठवड्यांनी तो घरी गेला. आवाज पूर्ण गेला नव्हता, पण लांब गेला होता, असं तोच म्हणायचा.

पावसाळ्यानंतर तो तपासणीला आला. आई आधी आत आली आणि कानाशी लागून म्हणाली, आठ दिवस झाले, परत जरा गप गप असतोय. तेवढ्यात तो किटली घेऊन आला. पहाटे स्वतः काढलेलं दूध, तापवून आणलेलं. पेला भरून त्याने माझ्यापुढे धरला.

मी पुढे केलेला हात मध्येच थांबला. क्षणभरच. यात काय असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. इतक्या वर्षांची नोकरी, आणि त्याच्या हातचं दूध बघून माझ्या मनात ते आलं. मला स्वतःची लाज वाटली, पण येऊन गेलं ते गेलंच.

त्याने ते बघितलं. पेला स्वतःच्या तोंडाला लावला, बरोबर अर्धा प्याला, ओठ पुसले आणि उरलेला माझ्यापुढे धरला.

"आता घ्या," तो म्हणाला.