जाताना गरम, येताना गार

मिस्त्रीकडे गाडीचा हीटर दाखवायला नेलात, तर तो आधी मीटर काढत नाही की पान्हा काढत नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, हीटर सुरू करतो आणि हात उलटा करून हवेच्या जाळीपुढे धरतो. डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडीला आशीर्वाद देतोय. मग म्हणतो, "आतली झडप अर्धीच उघडतेय," नाहीतर, "पाणी गरम येतंय, बटणच मेलंय." बहुतेक वेळा बरोबर निघतं. चुकलं तर "चुकलं माझं" म्हणतो आणि पुन्हा हात धरतो. ब्रेडवाले, कुरिअरवाले, लिफ्ट दुरुस्त करणारे, काचा बसवणारे, सगळ्यांच्या राबत्या गाड्या थंडी पडली की त्याच्या दारात रांग लावतात.

हा उलटा हात त्याला अक्कानं शिकवला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा नुकता शाळेत जायला लागला होता आणि अक्का स्वतःच पोरसवदा होती. ती लाँड्रीत इस्त्री करायला जायची. तळहाताला घट्टे पडलेले, म्हणून याला ताप आहे का ते ती हात उलटा करून बघायची. "तळहात कामाचा, त्याला काही कळत नाही. मागची बाजू आळशी, ती खरं सांगते," हे तिचं शास्त्र. शाळा बुडवली की तोच उलटा हात गालावरही पडायचा, आणि तेव्हाही तो खरंच सांगायचा. वायरिंगचं काम शिकायला तिनंच घातलं, पहिला मीटर तिनंच घेऊन दिला. आज जे काही आहे ते अक्कामुळे, हे मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. कुणी विचारलेलं नसतं, तरी ऐकवतो.

हल्ली अक्काच्या किडन्या थकल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. केंद्राची व्हॅन घरून नेते आणि घरी आणून सोडते. व्हॅन चालवणारी बाई प्रत्येकाला चढताना-उतरताना "सावकाश, सावकाश" म्हणते, म्हणून तिचं नावच सावकाशबाई पडलं. डायलिसिस झालं की अक्का आतून गारठते. रक्त सगळं बाहेर फिरून आलेलं असतं, गारठणारच. आणि नेमका थंडीच्या तोंडावर व्हॅनचा हीटर बंद पडला. मिस्त्रीच्या जिवाची नुसती घालमेल. त्या आठवड्यात त्यानं अक्काला लोकरी मोजे आणले, कानटोपी आणली, गरम पाण्याची रबरी पिशवी आणली, आणि व्हॅन गॅरेजात ओढून घेतली. गरम पाण्याचा व्हॉल्व्ह अडकला होता. तो बदलला, हात उलटा धरला, छान ऊब. झालं काम, असं त्याला वाटलं.

कसलं काय! चार दिवसांत सावकाशबाई परत दारात. "मिस्त्री, जाताना भट्टी आणि येताना बर्फ. अगदी शेवटी, अक्कांचं घर दिसायला लागलं की मग कुठे याला जाग येते."

त्यानं झडपेची मोटर बदलली. वायरी तपासल्या. आकड्यावर तापमान लावायचं जे बटणांचं पॅनल असतं, ते आख्खं बदललं. गॅरेजात हीटर पाहुण्यांपुढे शहाणं वागणाऱ्या कारट्यासारखा, आकडा लावाल तेवढी ऊब. रस्त्यावर गेला की येताना पुन्हा गार. मागच्या सीटवरचे एक आजोबा तर उघड म्हणाले की बाई डिझेल वाचवतात. सावकाशबाई बोलली काही नाही, पण त्या दिवशी तिनं कुणालाच "सावकाश" म्हटलं नाही.

आणि एका संध्याकाळी अक्का म्हणाली, "मी नाही जाणार आता."

मिस्त्रीला आधी वाटलं, रुसलीय. "कुठे नाही जाणार?"

"डायलिसिसला. सुया सोसते रे मी. पण येतानाचं हे कुडकुडणं नाही सोसत. सगळ्यांना सोडत सोडत माझं घर शेवटी. दात वाजतात, हाडं वाजतात. पुष्कळ जगले. आता पुरे."

"अगं, असं काय बोलतेस!"

"तुझा काही दोष नाही, धाकट्या. तू केलंस सगळं."

दोष नाही म्हणाली, हेच त्याला लागलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. घरी येऊन तो ताटावर नुसता बसून राहिला. जगभरच्या गाड्या ऊबदार करून देतो आणि जिनं आपल्याला ऊब दिली तीच थंडीनं हाय खाऊन बसली, हे त्याच्या घशाखाली उतरेना. बायकोनं त्याचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "अहो, ताप येतो संध्याकाळी आणि तुम्ही पेशंट तपासताय सकाळी. गाडीत बसून जा की तिच्याबरोबर."

इतकी साधी गोष्ट! पण गाडी आपल्याकडे येते, आपण गाडीबरोबर जात नाही, ही त्याची आयुष्यभराची सवय. त्यानं अक्काला कसंबसं कबूल करून घेतलं: "एकदाच चल. या खेपेला मी आहे." तीही बहिणीच्या मायेनं हो म्हणाली, हीटरवर विश्वास ठेवून नव्हे.

गॅरेज बंद ठेवून तो व्हॅनमध्ये पुढच्या बाकावर, अक्का आणि सावकाशबाईच्या मधे, अंग चोरून बसला. जाताना भट्टी. तो प्रत्येक चढाला, प्रत्येक सिग्नलला जाळीपुढे उलटा हात धरी आणि अक्का डोळे मिटून बसे. केंद्रात काचेपलीकडे ती यंत्राला जोडलेली दिसत होती. कानटोपीत तिचं तोंड एवढंसं झालं होतं. बाकड्यावर बसून मिस्त्री मनात सारखं एकच म्हणत राहिला, फक्त एवढं सापडू दे.

परत निघायची वेळ झाली. माणसं चढली. सावकाशबाई सगळ्यात शेवटी लगबगीनं आली, शालीत गुंडाळलेलं काहीतरी पोटाशी धरून. तिनं ते अक्कासमोर डॅशबोर्डच्या खणात नीट दाबून बसवलं आणि अक्कानं सुई नसलेला हात त्याच्यावर ठेवला.

गाडी निघाली. जाळीतून ऊब येत होती. पहिला चौक ओलांडला नाही, तोच ती कोमट झाली. दुसऱ्या चौकात गार. मागून आजोबा खाकरले.

मिस्त्रीनं हात जाळीवरून काढला आणि डॅशबोर्डवर फिरवत नेला, जसा तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा. खणाच्या मागे नखाएवढी एक जाळी असते. गाडीतली हवा किती तापली ते मोजणारा सेन्सर तिच्या आत बसवलेला असतो. तिथे हात चटकन मागे आला.

"हे काय ठेवलंय इथे?"

"गरम पाण्याची पिशवी," सावकाशबाई म्हणाली. "केंद्रातून रोज भरून आणते मी. मांडीवर ठेवली की घसरते, आणि सुईच्या हातानं अक्कांना धरवत नाही. म्हणून इथे."

"कुणी सांगितलं हे?"

"कुणी म्हणजे?" अक्का म्हणाली. "तूच नाही का आणून दिलीस, हीटर बंद पडला तेव्हा?"

मिस्त्रीनं पिशवीला हात लावून बघितला, मग तिच्यामागच्या जाळीला. पिशवीची ऊब सेन्सरला लागत होती. हीटरला वाटत होतं गाडी तापली, आता गार हवा द्यावी, आणि तो बिचारा इमानानं गार हवा देत होता. घर येईस्तोवर पिशवी निवायची, मग हीटरला जाग यायची. बिघाड कधीच दुरुस्त झाला होता.

"पण हीटर दुरुस्त केल्यावर पिशवी कशाला?"

"दुधानं तोंड पोळलं होतं," अक्का म्हणाली. "म्हणून ताक फुंकून पीत होते."

त्यानं पिशवी उचलली आणि तिच्या पायाशी, मोज्यांवर ठेवली. मग तिघंही जाळीकडे बघत बसली. पुढचा पूल येईपर्यंत गारच. पूल उतरताना कोमट. आणि मग ऊब आली, चांगली भरभरून, मागच्या सीटपर्यंत. आजोबांनी मफलर सोडला. "बाई, माझी जीभ जरा सैल सुटली होती," ते म्हणाले. सावकाशबाईनं आरशातून नुसती मान हलवली, पण ते उतरताना "सावकाश" म्हणाली.

मिस्त्रीला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," तो पुटपुटला. अक्कानं ऐकलं नाही. ती झोपली होती, तोंड किंचित उघडं ठेवून, दात न वाजवता. त्यानं हळूच हात उलटा करून तिच्या गालाला लावला. गाल गरम होता. कुणाचे आभार मानावेत हे त्याला कळेना. बायकोचे, या बाईचे, की लहानपणीच्या त्या हाताचे? त्यानं सगळ्यांचेच मानले.

घर आलं. अक्का जागी झाली, त्याचा हात धरून उतरली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"सावकाशबाई, परवा गाडी वेळेवर आणा हं. मागच्या खेपेला फार ताटकळले मी."