सहीला दोघं आहेत

बाभुळगावातलं हे घर मी माझ्या पगारातून बांधलं. तहसीलमध्ये कारकून होते. मेलेल्याच्या जागी वारसांची नावं चढवायची, ते लोकांचे वारसफेर पाहण्यात सगळी नोकरी गेली, आणि स्वतःच्या घराचं काय होणार ते मला निवृत्तीनंतर वकिलानं सांगितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मूलबाळ नाही, नवरा वारलेला. अशी बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिनं स्वतः कमावलेलं घरसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं. म्हणजे मारेगावकडच्या त्या पुतण्यांकडे, ज्यांचे चेहरेही मला धड आठवत नाहीत. आणि माझी धाकटी बहीण? नवऱ्यानं टाकली तेव्हा ती उमरखेडहून एक बॅग घेऊन माझ्याकडे आली, ती परत गेलीच नाही. मी डोळे मिटले की तिला बॅग भरावी लागणार, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा.

म्हणून लगेच मृत्युपत्र केलं. दोन साक्षीदार लागतात. मी ऑफिसातले माझ्याहून मोठे, मानाचे दोघं बोलावले. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून घरातला सगळ्यात म्हातारा माणूस टाकतात ना, तसंच. सह्या झाल्या, चहा झाला. पुढे एक गेले. मग दुसऱ्यांच्या तेरवीचं जेवून घरी आले आणि चप्पल काढता काढता लक्षात आलं, की आपले दोन्ही साक्षीदार संपले.

यवतमाळला वकिलाकडे धावले. तो हसला. "मावशी, प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे म्हणून कोर्टानं मारलेला शिक्का. आपल्या इकडं सक्ती नाही त्याची. पण पुतण्यायनं हरकत घेतली का कोर्टात जा लागते. मंग साक्षीदार उभा करा लागते. वर समन्स जात नाही ना!" मेलेल्यांच्या सह्या ओळखणारा कोणी आणला तर चालतं म्हणे, पण तो तरी मी कुठून आणणार? "तुमच्याहून लहान, धडधाकट दोघं पाहा," तो म्हणाला.

पाहा म्हणे! आमच्या गल्लीत तरुण माणूस दिवाळीला दिसतो. बाकी वर्षभर पुण्याला. कोणाच्या दारात कुलूप, कोणाच्या दारात माझ्यासारखीच एखादी बसलेली. मला ओळखणारी, माझ्या मागे राहणारी दोन माणसं मला गावात सापडेनात. त्या दिवशी मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

बहीण तुरीचे सोले सोलत बसली होती. म्हणाली, "ताई, कायले करून राह्यली हे सारं? तू कुठी चालली?"

शेवटी समोर भाड्यानं राहणारं शिक्षक जोडपं तयार झालं. वकील कागद घेऊन घरी आला. मला म्हणाला, "बहिणीच्या मागं कोणाचं नाव टाकू?" मी भडकलेच. म्हटलं, ती माझ्याहून लहान आहे, तिच्या जिवावर कशाला उठता? त्यानं ती ओळ कोरीच सोडली. मी सही केली, त्या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. नोंदणीही करून टाकली. आता बहिणीला कोणी हलवू शकत नव्हतं. कित्येक वर्षांनी मला निवांत झोप लागली.

थंडीत तिला ताप आला. साधा ताप म्हणून काढा देत राहिले. मग यवतमाळला नेलं. तिथून तिला घरी आणली ती शेवटची आंघोळ घालायलाच.

तेरवीनंतर वकिलाचा फोन आला. "मावशी, ज्याले दिलं तेच पहिले गेलं तर ते देणं संपते. दुसरं लिहून टाका, नाही तर घर पुतण्यायचंच." मग हळूच विचारलं, "कोणाचं नाव टाकू?" सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

समोरचे दोघं फार चांगले आहेत. फाटकात दिसले की विचारतात, "आजी, सहीला कधी येऊ?" मी म्हणते, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा विचारतात. एखादं नाव सुचलं की बोलावणार आहे त्यांना.