नव्या बेटावरची हरणं

वहिनी फोनवरच्या ज्या खेळात हजारो अनोळखी लोकांबरोबर रमतात, त्या खेळातल्या जगाला काल एक नवं बेट जोडलं गेलं. तिथली हरणं माणसाला बघून पळत नव्हती. जवळ येऊन हुंगत होती. झालं! लोक कुऱ्हाडी घेऊन तुटून पडले. मारून काही मिळत नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत किनारा लाल झाला. नवी जमीन दिसली की आपले हात आधी कशासाठी शिवशिवतात?

"वहिनी, खोटी हरणं ती," मी म्हणालो.

"हरणं खोटी, भाऊजी. मारणारे खरेच होते ना?"

आज खेळ चालवणाऱ्यांनी चूक सुधारली. हरणांना पळायला शिकवलं.

काल एकही हरीण न मारणाऱ्या वहिनींनी मूठभर गवत पुढे केलं. त्यांना बघताच सगळा कळप जिवाच्या आकांताने पळाला.