वाघमारे साहेबांचा दुपारचा फोन

वाघमारे साहेब सायकल खांद्यावर टाकून दोन जिने चढायचे, ती घरात नेऊन ठेवायचे आणि ओलं फडकं घेऊन पुन्हा खाली यायचे. चाकाची माती एखाद्या पायरीवर सांडली असेल तर ती पुसायला. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत बाकी सगळे चिखलाच्या चपलांनी खुशाल चढत-उतरत असत. "राहू द्या हो, उद्या बाई झाडायला येईल," मी म्हणायचो. "तिनं माझी माती का काढायची?" असं त्यांचं उत्तर असे.

आमची दारं समोरासमोर. ते पाटबंधारे खात्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मी बँकेतून. त्यांची पत्नी आधीच गेलेली, मुलगी बंगळूरला. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि भिंतीला टेकवलेली सायकल. दर हिवाळ्यात ते एकटेच सायकलवर लांब कुठेतरी जात. सोबत कुणाला का नेत नाही, असं विचारलं की म्हणत, "सोबत कुणी असला की आपण त्याच्यासाठी थांबतो, ते चालतं. पण त्याला आपल्यासाठी थांबावं लागतं, ते मला चालत नाही." मूळचे लातूरकडचे, पण तुटक बोलण्यात त्यांनी आम्हा पेठेतल्यांनाही मागे टाकलं होतं.

गेल्या वर्षी ते हंपीला निघाले. कोल्हापूरला माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे. त्याचा नंबर मी बळेच त्यांच्या फोनमध्ये घालून दिला. निपाणीच्या पुढे त्यांना सकाळपासून समोरचा वारा लागला, इतका की उतारावरसुद्धा पायडल मारावं लागत होतं. दुपारी छातीत कळ आली. रस्त्याकडेच्या रसवंतीवर ते बाकावर आडवे झाले. रसवंतीवाल्याने नंतर माझ्या भावाला सांगितलं, "घामानं पार भिजलं होतं. म्या म्हटलं, घरच्यास्नी फोन लावा. तर म्हणाले, पुण्यात ही झोपायची येळ हाय, चारनंतर लावतो. दवाखान्यात नेतो म्हटलं तर पित्त हाय म्हणाले."

चार वाजून गेल्यावर त्यांनी मला फोन केला. पहिलं वाक्य, "अहो, झोपमोड नाही ना केली?" त्या दुपारी मी झोपलोच नव्हतो. मटार सोलत बसलो होतो आणि फोन शेजारीच पडला होता.

भाऊ गाडी घेऊन धावला. साहेब वाचले. रात्री भाऊ मला म्हणाला, "दादा, फार उशीर झाला रे. निम्मं हृदय कामातून गेलंय."

ते परत आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. भावाला थेट फोन का केला नाही, हे मला कळेना. "त्यांची-माझी ओळख कुठे होती? आधी तुम्ही सांगायला हवं," ते म्हणाले.

"मग मला लगेच करायचा! किती वर्षं समोर राहतो आपण?"

साहेब म्हणाले, "हे घर बघायला आलो तेव्हा आडनाव ऐकून इमारतीतल्या दोघांचे चेहरे पडले होते. तेव्हाच ठरवलं, आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. मग ती सवयच लागली." त्या दोघांत मी नव्हतो. पण तेवढ्याने काय होतं? जिना पुसणारा हा माणूस मला विक्षिप्त वाटत आला होता. मला फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, "आता रोज दुपारी मला फोन करायचा. काम नसलं तरी." त्यांना ते पटलं नाही. पण चार-सहा दिवसांनी खरोखर भर दुपारी फोन वाजला. "झोपला होतात?" "हो." "काही काम नाही. सराव करतोय." आणि ठेवून दिला. पुढे त्यांना यात गंमत वाटू लागली. मी कुरकुरलो की ते खुलत. सायकल गेली, खडकवासल्यापर्यंतची सकाळची रपेट गेली, जिनाही बंद झाला. दिवसभरात हसण्यासारखं एवढंच राहिलं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी फोन आला. "या इकडे. छातीत दुखतंय."

दार त्यांनी उघडून ठेवलं होतं. मी रुग्णवाहिका बोलावली. वाटेत त्यांनी माझा हात धरला. "झोपला होतात?"

"हो. चांगला गाढ झोपलो होतो."

"उठवलं ते बरं केलं," ते म्हणाले.

साहेब गेल्यावर डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत तुम्ही, पण त्यांच्या हृदयात आता काही उरलंच नव्हतं. आधार म्हणून साहेबांनी कधी जिन्याचा कठडासुद्धा धरला नसेल. त्या दिवशी त्यांच्या मुठीतून माझा हात मलाच हळूहळू सोडवून घ्यावा लागला.