अंगठ्याखालचा घाट

अन्याय झाला तो आमच्या कॉलनीतल्या मास्तरीण ताईंवर, गेल्या पोळ्याच्या दिवशी. नागपूरला त्यांची आई अत्यवस्थ होती.

आमच्या नाशिकच्या द्वारका चौकातला विमान-तिकीटवाला माणूस गोड, हीच पंचाईत. तो आधी खुर्ची देतो, मग भिंतीवरच्या नकाशावर वीत टाकून अंतर मोजतो. त्याच्या जाड अंगठ्याखाली नाशिक आणि मुंबई दोन्ही झाकली जातात.

"दीड तासात नागपूर, ताई! निवांत निघा."

ताई निवांत निघाल्या. त्यांची एसटी कसारा घाटात असतानाच मुंबईहून विमान उडालं. आई जिवंत भेटली नाही.

मी जाब विचारला, तर पुन्हा वीत टाकून म्हणाला, "विमान दीडच तासात पोचलं की हो!" आणि माझ्यासाठी चहा मागवला.

वाचकहो, तिकीट काढताना विचारा, "माझ्या दारापासून किती वेळ?" उत्तर मिळेपर्यंत उठू नका.