घडी न पडलेल्या नोटा

तिचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. मी बॉयलरवर होतो, म्हणून वेळ नेमकी ठाऊक आहे. प्रवासी जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली, कपडे धुण्याचा विभाग होता. मी चार वाजता वाफ सोडायचो आणि तोवर ती वाफेच्या इस्त्रीच्या प्रेसपाशी बाह्या सारून उभी असायची. अकरा वर्षांत मला तिची वाट पाहावी लागली नाही.

सगळं जहाज तिला ताई म्हणायचं, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे खलाशीसुद्धा. एका पाळीत सहाशे चादरी, दीडशे शर्ट. उष्णता बेचाळीस अंश. कष्टाचं कौतुक मी सहसा करत नाही. पोटासाठी सगळेच करतात. ताईचं निराळं होतं. चादर हातात घेऊन ती सांगायची, हिची घडी डावखुऱ्याने घातली की उजव्या हाताच्या माणसाने. मी दोनदा खात्री करून घेतली. दोन्ही वेळा बरोबर निघालं. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पगार परकीय चलनात, पाकिटातून मिळायचा. जहाजाचा खजिनदार कोऱ्या नोटा द्यायचा. दमट हवेत कागद फुगतो, कडा वळतात. म्हणून प्रेस निवत आला की ताई नोटा दोन रुमालांच्या मध्ये ठेवून वरची पाटी दाबायची. दुमडायची कधीच नाही. घरखर्चाचे पैसे दरमहा घरी जात. या नोटा खोलीसाठी होत्या.

घरी तिची धाकटी बहीण ताईच्या मुलीला सांभाळत होती. भाड्याची जागा. अकरा वर्षांत सात खोल्या बदलल्या. तीन वेळा तर परीक्षेच्या आठवड्यातच सामान उचलावं लागलं.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी ताईही जहाजावरून कायमची उतरली. तिने एक खोली पाहिली, विसार दिला. उरलेली रक्कम शनिवारी दुपारी बारापर्यंत द्यायची. नाही तर विसार बुडणार आणि खोली दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार. तिने बँकेत चारशे बारा नोटा बदलून घेतल्या. पैसे खात्यात जमा झाले. बारा दिवसांनी, गुरुवारी, पत्र आलं.

दोघी बहिणी ते घेऊन माझ्याकडे आल्या, मी वाचून दाखवलं. दिलेल्यांपैकी एकोणीस नोटा मुख्य कार्यालयाला बनावट आढळल्या आहेत. चौकशी होईपर्यंत चलनबदलाचा संपूर्ण व्यवहार उलटवला असून रक्कम खात्यातून काढून घेतली आहे.

"नोटांना इस्त्री करणारी जगात तू एकटीच," धाकटी म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, इतकी नीटनेटकी म्हणजे खोटीच."

ताईने पत्राची कड बोटाने सरळ केली. "दादा, उद्या याल का बँकेत? बोलू नका. नुसते उभे राहा."

शुक्रवारी दहाला आम्ही तिघं बँकेत गेलो. मॅनेजर तरुण होता, आवाज मऊ. "मावशी, माझ्या हातात काही नाही. वरून हुकूम आहे."

"त्या एकोणीस नोटा कुठे आहेत?"

"इथेच आल्यात, पंचनाम्यासाठी."

"दाखवा."

"तसं दाखवता येत नाही."

"साहेब, अकरा वर्षं लोक मला सांगत आले की शर्ट जळाला. मी एकच म्हणायची, शर्ट आणा. निम्मे लोक परत आलेच नाहीत."

मॅनेजर हसला, पण तिजोरीतून लिफाफा आणवला. हात लावायचा नाही, या अटीवर नोटा टेबलावर मांडल्या. ताई वाकली. एकेक नोट पाहत गेली. घाई नाही. मागे रांग वाढली, कोणीतरी खाकरलं, तरी तिची मान हलली नाही. अवघड काम हातात आलं की प्रेसपाशीही ती अशीच गप्प व्हायची.

"या माझ्या नाहीत," ती म्हणाली. "एकोणीसच्या एकोणीस मधोमध दुमडलेल्या आहेत."

"घडी इथे पडली असेल. पिशवीत भरताना."

"बारा दिवसांची घडी पांढरी असते. ही रेघ काळी पडली आहे. घाम आहे तो, खिशातला. महिनोन् महिने बसलेला."

"मावशी, घडीवरून बँक चालत नाही."

"मग यंत्रावरून चालवा." तिने बदलाची पावती पुढे केली. कोपऱ्यात कॅशियरने लिहिलं होतं: यंत्र घेत नाही, हाताने मोजल्या. "का घेत नव्हतं, विचारा यांना."

कॅशियर काचेपलीकडे उभा होता. पन्नाशीचा. तोंडावरचा रंग उडालेला. "चिकटत होत्या, साहेब. इतक्या सपाट की दोन-दोन एकत्र जायच्या."

ताईने पिशवीतून एक पाकीट काढलं. आत पाच नोटा. शेवटच्या पगारातल्या, मुलीला दाखवायला ठेवलेल्या. "या घाला."

यंत्राने पाचाच्या तीन मोजल्या आणि शीळ घालून थांबलं. पुन्हा घातल्या. चार.

"आता त्या."

मॅनेजरने स्वतः त्या एकोणीस नोटा यंत्रात ठेवल्या. फर्रकन गेल्या. एकोणीस. पुन्हा घातल्या. एकोणीस.

मी तीस वर्षं यंत्रांबरोबर काढली. पण तिथे मला कळेना, पाहू कुठे. यंत्राकडे, की त्या बाईकडे. वकील नाही, चढा आवाज नाही. अकरा वर्षं तळहाताने जे शिकली तेवढंच तिने टेबलावर ठेवलं, आणि ते पुरलं.

मग कॅशियर बोलला. कोणी विचारलं नव्हतं. "साहेब, त्या दिवशी आणखी एकजण नोटा बदलून गेला. त्याच्या मी यंत्रावर मोजल्या. दोन्ही बंडलं एकाच पिशवीत गेली. पिशवी मी बांधली, वर चिठ्ठी मात्र यांचीच लावली."

मॅनेजरने त्याच्याकडे पाहिलं, मग फोन उचलला. मुख्य कार्यालयाशी बोलणं पावणेतीन तास चाललं. खुर्ची दिली तरी ताई बसली नाही. धाकटी कुजबुजली, "बस की गं. चादरी संपल्यात आता." ताई हसली, पण उभीच राहिली.

चारच्या आधी रक्कम खात्यात परत आली.

"चूक झाली," मॅनेजर म्हणाला.

"लिहून द्या. आणि चूक उघड यांनी केली, तेही लिहा. नाही तर उद्या सगळं यांच्यावर शेकेल."

त्याने दोन्ही लिहिलं. कॅशियरने काचेमागून मान खाली घातली. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

शनिवारी साडेअकराला नोंदणी कचेरीत खोलीवाल्याने पैसे मोजून घेतले. कारकुनाने विचारलं, "मालक म्हणून नाव कोणाचं?"

ताईने धाकटीला पुढे ढकललं.

"वेड लागलंय का? पैसे तुझे," धाकटी म्हणाली.

"मला दर महिन्याला पाकीट मिळायचं. तुला काय मिळालं? सही कर. बारा वाजत आलेत."

धाकटीने पेन घेऊन घाईत रेघ ओढली. पहिली सही कारकुनाने नाकारली, दुसरी चालली. अकरा फूट रुंद, चौदा फूट लांब, तळमजला, स्वतंत्र नळ. ताईच्या अकरा वर्षांच्या पगारातून ही खोली झाली, आणि ती तिच्या बहिणीच्या नावावर आहे.